राष्ट्रहित, सत्तासंतुलन आणि वज्जींचे सात धम्म

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात दोन संज्ञा वारंवार भेटतात. एक 'राष्ट्रहित' आणि दुसरी 'सत्तासंतुलन'. प्रत्येक राज्य आपली भूमी, आपली सुरक्षितता, आपला व्यापार आणि आपली प्रतिष्ठा यांचा विचार प्रथम करते, हे राष्ट्रहिताचे तत्त्व होय. कोणतेही एक राज्य इतके बलाढ्य होऊ नये की त्याने इतरांना गिळंकृत करावे; म्हणून इतर राज्यांनी स्वतःचे बळ वाढवावे अथवा परस्परांशी मैत्री करून त्याचा तोल सांभाळावा, हे सत्तासंतुलनाचे तत्त्व होय. युरोपात १७१३ साली झालेल्या उत्रेख्तच्या तहात या संतुलनाचा उल्लेख झालेला आहे. विसाव्या शतकात हॅन्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात राष्ट्रहिताची व्याख्याच सत्तेच्या परिभाषेत केली आणि त्यानंतर हा विचार विद्यापीठांतून सर्वत्र शिकविला जाऊ लागला.

या विषयाशी बौद्ध साहित्याचा काय संबंध, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. बुद्धाने मैत्री आणि करुणा शिकविली. तेव्हा राज्याराज्यांच्या व्यवहाराविषयी त्याला काही सांगावयाचे नव्हते, असे काही जण समजतात. बौद्ध विचाराने राष्ट्र दुर्बल होते, असा आक्षेप दुसरे काही जण घेतात. हे दोन्ही समज पालि साहित्याच्या अपुऱ्या परिचयातून निर्माण झालेले आहेत. तथागतांचा काळ हा सोळा महाजनपदांच्या स्पर्धेचा काळ होता. मगध, कोसल, वज्जी, वत्स आणि अवंती यांच्यातील संघर्ष त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होता. त्या संघर्षासंबंधी पालि ग्रंथांत जे आले आहे, त्याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

बंदर आणि गाव : स्वहिताचे दोन संघर्ष

मगधाचा राजा अजातसत्तु आणि वैशालीचे वज्जी यांच्यात वैर का निर्माण झाले? दीघनिकायाच्या 'सुमंगलविलासिनी' या अट्ठकथेत याचे कारण दिले आहे. गंगेच्या काठी एक बंदराचे गाव होते. त्याच्या अर्ध्या योजनावर अजातसत्तूची सत्ता चालत असे आणि अर्ध्या योजनावर लिच्छवींची. पर्वताच्या पायथ्याकडून तेथे मौल्यवान माल येई. अजातसत्तु तेथे पोहोचण्यापूर्वीच लिच्छवी एकमताने येत आणि तो माल घेऊन जात. राजाला रिकाम्या हाताने परतावे लागे. वारंवार असे घडल्यावर त्याने वज्जींचा उच्छेद करण्याचा निश्चय केला. ही अट्ठकथा इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, म्हणजे घटनेनंतर बऱ्याच कालावधीने लिहिली गेली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही धर्म किंवा वंश यांचे आवरण न घालता व्यापारी हितसंबंध हेच युद्धाचे मूळ असल्याचे ती स्पष्टपणे सांगते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मगध आणि कोसल यांच्यातील युद्धाचे कारणही असेच होते. जातकट्ठकथेनुसार महाकोसल राजाने आपली कन्या कोसलदेवी बिंबिसाराला दिली, तेव्हा तिच्या स्नानाच्या व सुगंधी चूर्णाच्या खर्चासाठी काशी जनपदातील एक लक्ष उत्पन्नाचे गाव दिले. अजातसत्तूने पित्याचा वध केल्यावर कोसलदेवी दुःखाने मरण पावली. तिचा भाऊ पसेनदी याने गाव परत घेतले आणि युद्ध पेटले. संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात या युद्धाविषयी दोन सुत्ते आहेत. पहिल्यात पसेनदीचा पराभव होतो. दुसऱ्यात तो अजातसत्तूला जिवंत पकडतो, त्याचे हत्ती, घोडे, रथ व पायदळ काढून घेतो आणि त्याला सोडून देतो. अट्ठकथेच्या परंपरेनुसार पुढे पसेनदीने आपली कन्या वजिरा अजातसत्तूला दिली आणि तेच गाव पुन्हा आंदण म्हणून दिले.

यावर तथागतांचे भाष्य काय होते? पहिल्या सुत्तात ते अजातसत्तूला पापमित्रांच्या संगतीतील आणि पसेनदीला कल्याणमित्रांच्या संगतीतील म्हणतात. म्हणजे दोन्ही पक्षांना ते एकाच मापाने मोजत नाहीत. पण त्याच वेळी विजयातून वैर जन्मते आणि पराजित दुःखाने झोपतो, हेही ते सांगतात. दुसऱ्या सुत्तात, म्हणजे ज्याला त्यांनी बरा म्हटले होते तो पसेनदी जिंकल्यावर, ते लुटणाऱ्याची पुढे लूट होते आणि मारणाऱ्याला मारणारा भेटतो, हा कर्माचा फेरा दाखवितात. युद्धातील न्याय-अन्याय ओळखणे आणि तरीही युद्धाचा परिणाम न लपविणे, अशी ही दुहेरी दृष्टी आहे.

शत्रूचा शत्रू तो मित्र

अशा परिस्थितीत लहान राज्यांनी काय केले? जैन आगमांतील 'निरयावलिया' या ग्रंथात मगधाविरुद्धच्या आघाडीचे वर्णन आहे. वैशालीच्या चेटकाने नऊ मल्लकी, नऊ लिच्छवी आणि काशी-कोसलचे अठरा गणराजे यांना एकत्र बोलाविले. आजच्या भाषेत हीच सत्तासंतुलनासाठी केलेली आघाडी होय. मगधानेही आपली तयारी केली. महापरिनिब्बान सुत्तातच सुनीध आणि वस्सकार हे मगधाचे महामात्य वज्जींना रोखण्यासाठी पाटलिगामात नगर बांधीत असल्याचा उल्लेख आहे. हेच पुढे पाटलिपुत्र झाले.

या व्यवहाराचे शास्त्र पुढे कौटिल्याच्या नावावरील अर्थशास्त्रात मांडले गेले. सीमेला लागून असलेले राज्य तो अरी आणि त्याच्या पलीकडचे राज्य तो मित्र, असा राजमंडलाचा सिद्धांत तेथे आहे. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव हे सहा उपाय तेथे सांगितले आहेत. त्या ग्रंथाच्या अकराव्या अधिकरणात गणसंघ कसे फोडावेत याची कृती दिली आहे आणि तेथे उल्लेखिलेल्या संघांत लिच्छविक व वृजिक यांची नावे आहेत. राजसत्तेच्या दृष्टीने गणराज्य किती अवघड प्रतिस्पर्धी होते, हे यावरून दिसून येते.

वस्सकाराचा प्रश्न

आता महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभीचा प्रसंग पाहू. वज्जींवर स्वारी करण्याच्या विचारात असलेला अजातसत्तु आपला महामात्य वस्सकार ब्राह्मण याला गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठवितो. तथागत त्याला सरळ उत्तर देत नाहीत. ते मागे उभे राहून पंख्याने वारा घालणाऱ्या आनंदाला सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार आणि मोठ्या संख्येने सभेत जमतात काय? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि एकोप्याने कार्य करतात काय? जे ठरविलेले नाही ते मनमानीने न लादता आणि जे ठरविलेले आहे ते न मोडता आपल्या प्राचीन वज्जिधम्मानुसार वागतात काय? वृद्धांचा मान राखतात काय? कुलस्त्रिया व कुलकुमारी यांच्यावर बळजबरी करीत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा आदर करतात काय? अर्हतांचे रक्षण व सन्मान करतात काय? प्रत्येक प्रश्नाला आनंद होकार देतात. जोपर्यंत हे सात धम्म आहेत तोपर्यंत वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे तथागत सांगतात.

या सात गोष्टींत सैन्याची संख्या नाही, तटबंदी नाही आणि मित्रराज्यांची यादीही नाही. त्यांत आहे ती सभा, एकमत, कायद्याचे पालन, ज्येष्ठांचा आदर, स्त्रियांची सुरक्षितता आणि श्रद्धास्थानांचा व सत्पुरुषांचा सन्मान. तिसऱ्या धम्मावरील अट्ठकथा विशेष वाचनीय आहे. नवे कर आणि नवे दंड लादल्याने पीडित झालेले लोक सीमेकडे जातात, चोरांना सामील होतात आणि आपल्याच जनपदावर उलटतात, असे तेथे म्हटले आहे. आरोपीला एकामागून एक अनेक अधिकाऱ्यांपुढे नेऊन, निर्दोष आढळल्यास कोणत्याही पायरीवर सोडून देण्याची वज्जींची न्यायपद्धतीही तेथे वर्णिली आहे. राज्याच्या सीमेचे रक्षण राज्याच्या न्यायालयापासून सुरू होते, असा याचा अर्थ आहे.

वस्सकार हे ऐकून जो निष्कर्ष काढतो तोही तितकाच बोलका आहे. वज्जी युद्धाने जिंकता येणार नाहीत; 'उपलापन' म्हणजे गोड बोलून वश करणे आणि 'मिथुभेद' म्हणजे आपसांत फूट पाडणे, याखेरीज दुसरा मार्ग नाही, असे तो म्हणतो. अट्ठकथेनुसार पुढे तेच घडले. राजाने खोटे भांडण रचून वस्सकाराचे मुंडन करविले व त्याला हद्दपार केले. वज्जींनी त्याला आश्रय देऊन न्यायदानाचे काम दिले. तो एकेका लिच्छवीला बाजूला घेऊन किरकोळ गोष्टी विचारी आणि दुसऱ्यांच्या मनात संशय निर्माण होई. तीन वर्षांत अशी स्थिती झाली की दोन लिच्छवी एका रस्त्याने जाईनात. अजातसत्तूची स्वारी आल्यावर युद्धाचा नगारा वाजला. पण 'जे शूर आहेत त्यांनी जावे' असे म्हणून कोणीही बाहेर पडला नाही. बाहेरची आघाडी आणि वैशालीचे तट हे काहीच उपयोगी पडले नाही, कारण तोल आतून ढळला होता.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात हीच चिंता व्यक्त केली होती. भारताने पूर्वी आपले स्वातंत्र्य आपल्याच लोकांच्या फितुरीने गमावले, हे सांगताना त्यांनी सिंधच्या दाहिर राजाच्या सेनानींचे उदाहरण दिले आणि जाती या राष्ट्रविरोधी आहेत, असे निःसंदिग्धपणे बजावले. भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती ज्ञात होती, याचे स्मरणही त्यांनी त्याच भाषणात करून दिले. वस्सकाराला वैशालीत फूट निर्माण करण्यास तीन वर्षे लागली. जेथे समाजरचनाच माणसाला माणसापासून वेगळे करते, तेथे शत्रूला हे श्रम करावे लागत नाहीत.

शाक्यांचा नाश हेही याचेच उदाहरण होय. शाक्य हे कोसलाच्या अंकित होते. पसेनदीने शाक्यकन्येची मागणी केली, तेव्हा जन्माच्या अभिमानाने त्यांनी महानाम शाक्याला दासीपासून झालेली कन्या वासभखत्तिया राजकन्या म्हणून दिली. तिचा पुत्र विडूडभ कपिलवस्तूला आला असता तो बसलेले आसन दुधाच्या पाण्याने धुण्यात आले. राजा झाल्यावर त्याने शाक्यांवर स्वारी केली. तीन वेळा तथागतांनी वाटेत बसून त्याला परत फिरविले; चौथ्या वेळी शाक्यांचा संहार झाला. बलाढ्य शेजाऱ्याशी संबंध सांभाळणे हे शाक्यांचे खरे हित होते. वंशाभिमानाने ते हित त्यांना दिसू दिले नाही.

रक्षणातून शस्त्र

राष्ट्रहिताच्या विचाराचे सर्वांत मूलगामी विश्लेषण दीघनिकायाच्या महानिदान सुत्तात सापडते. वेदनेमुळे तण्हा, तण्हेमुळे शोध, शोधामुळे लाभ, लाभामुळे निवड, त्यातून आसक्ती, त्यातून चिकटून राहणे, त्यातून परिग्रह, परिग्रहातून मत्सर म्हणजे कृपणता, आणि त्यातून 'आरक्ख' म्हणजे संरक्षण, अशी ही साखळी आहे. या आरक्खेच्या कारणाने दंड उचलला जातो, शस्त्र उचलले जाते, कलह, विवाद आणि असत्य निर्माण होते, असे तथागत आनंदाला सांगतात.

येथे 'आरक्ख' हा शब्द आहे, 'आक्रमण' नव्हे, हे लक्षणीय आहे. शस्त्र उचलणारा प्रत्येक जण आपण रक्षणासाठीच ते उचलीत आहोत असे मानतो. १९१४ पूर्वीचा युरोप याची साक्ष देतो. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांची १८८२ ची त्रिराष्ट्र युती आणि तिच्यासमोर १९०७ पर्यंत आकाराला आलेली ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांची आघाडी, ही दोन पारडी होती. दोन्ही पक्ष आपल्या रक्षणाची भाषा बोलत होते. एकाची तयारी दुसऱ्याला धमकी वाटली आणि ज्या संतुलनाने शांतता राहावयाची होती, त्याच्याच साखळ्यांनी राष्ट्रांना एकामागून एक युद्धात ओढले. संतुलनाने युद्ध काही काळ पुढे ढकलले जाते. परंतु भय आणि परिग्रह यांचे मूळ त्याने तुटत नाही.

याचा अर्थ राज्याने रक्षणच करू नये, असा मात्र होत नाही. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील धार्मिक राजाचे एक कर्तव्य आपल्या प्रजेला रक्षण देणे हेच आहे, आणि त्याच्या चक्रामागून चतुरंगिणी सेना चालते. लिच्छवींचा सेनापती सीह हा तथागतांचा उपासक झाला. त्याने सेनापतिपद सोडल्याचा अथवा तथागतांनी त्याला ते सोडावयास सांगितल्याचा उल्लेख त्या सुत्तात नाही. रक्षण करताना आपल्या मनातील परिग्रह ओळखणे, एवढीच जागरूकता महानिदान सुत्त मागते.

रोहिणीचे पाणी

हितसंबंधांचा प्रश्न युद्धाविना सुटू शकतो काय? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. तेथे तथागत दोन्ही पक्षांच्या मध्ये जातात आणि पाण्याचे मोल अधिक की माणसांचे, असा प्रश्न विचारतात. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या तंट्याला सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या प्रसंगात मध्यवर्ती स्थान दिले. शाक्यांच्या संघात सेनापती युद्धाचा प्रस्ताव मांडतो. दोन शाक्यांनी, दोन कोलियांनी आणि त्या चौघांनी निवडलेल्या पाचव्याने निवाडा करावा, असा प्रस्ताव सिद्धार्थ मांडतो. तो बहुमताने फेटाळला जातो. पुढे दोन्ही पक्ष शांत होतात आणि रोहिणीच्या पाण्याच्या वाटपासाठी कायमची लवाद मंडळी स्थापन होते. तेव्हा सिद्धार्थ अधिक खोल विचार करतो : राष्ट्राराष्ट्रांतील संघर्ष प्रासंगिक असतो, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र नित्याचा असतो आणि दुःखाचे मूळ त्यात आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने सोडविण्यास उत्तेजन देण्याचे तत्त्व आहे. हा मार्ग स्वप्नाळू नाही. १९ सप्टेंबर १९६० च्या सिंधू जलकराराने भारत व पाकिस्तान यांना प्रत्येकी एक आयुक्त असलेला स्थायी आयोग आणि तंटा निवारण्याच्या पायऱ्या दिल्या. १९६५ आणि १९७१ ची युद्धे व १९९९ चा कारगिलचा संघर्ष यांतूनही तो करार टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. दोन्ही बाजूंचा किमान विश्वास हा कोणत्याही लवादाचा पाया असतो; तो ढासळला की उत्तम यंत्रणाही थांबते.

शील आणि करार

शेवटी एका शब्दाचा विचार केला पाहिजे. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांनी तिबेटशी होणाऱ्या व्यापार व दळणवळणाविषयी करार केला. परस्परांच्या प्रादेशिक अखंडतेचा व सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्परहित आणि शांततामय सहजीवन, ही पाच तत्त्वे त्याच्या प्रास्ताविकेत होती. त्यांना 'पंचशील' हे नाव रूढ झाले. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना बाबासाहेबांनी या नावावरच बोट ठेवले. पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे. माओंची त्यावर खरोखर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताच्या सीमेला येऊन भिडली, हेही त्यांनी बजावले. करार आठ वर्षांचा होता. त्याची मुदत १९६२ साली संपली आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले. ते पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

पालि परंपरेच्या दृष्टीने त्यांचा आक्षेप अत्यंत नेमका होता. शील हे 'समादान' आहे. उपासक ते स्वतःहून स्वीकारतो. शेजाऱ्याने हिंसा केली म्हणून माझे हिंसेपासून विरत राहण्याचे शील आपोआप संपत नाही, कारण त्यात दुसरा पक्षच नसतो. करार मात्र परस्परसापेक्ष असतो. एकाने तो मोडला की दुसऱ्यावरील बंधन सैल होते. म्हणून करारात साक्ष, तपासणी आणि पर्यायी तयारी यांची आवश्यकता असते. कराराला शील म्हटल्याने तो पवित्र होत नाही. उलट दुसऱ्याच्या हेतूंची चिकित्सा करण्याचे आपले कर्तव्य मात्र विसरले जाते. शीलाच्या नावाने राष्ट्रहित झाकणे आणि राष्ट्रहिताच्या नावाने शील सोडणे, या दोन्ही गोष्टी सम्यक् दृष्टीला धरून नाहीत.

म्हणून बौद्ध उपासकाने राज्याच्या धोरणाकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत. ज्याला राष्ट्रहित म्हटले जाते ते खरोखर बहुजनांचे हित आहे काय, की एखाद्या बंदराच्या मालाचा लोभ? ज्याला संरक्षण म्हटले जाते त्यातून शेजाऱ्याच्या मनात भय आणि त्यातून नवे शस्त्र निर्माण होत नाही ना? आणि ज्या देशाचे रक्षण करावयाचे आहे, त्या देशात सभा एकत्र बसते काय, कायदा सर्वांना सारखा लागू होतो काय, स्त्रिया निर्भय आहेत काय आणि कोणाचे आसन आजही दुधाच्या पाण्याने धुतले जात नाही ना? वैशालीचा तोल मगधाच्या सैन्याने नव्हे, तर वैशालीच्या सभागृहात ढळला. आपल्या सभागृहांचे, न्यायालयांचे आणि वस्त्यांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाच्या हातातील परराष्ट्रनीतीचे पहिले कलम होय.